म्यानाच्या टोकावरचा ससाणा : स्टॉकहोम, बिर्का, उप्साला

जूनमध्ये स्वीडनला जाऊन आलो म्हटलं की लोक पहिल्यांदा नॉर्दर्न लाइट्सचं विचारतात. तिथे त्या दिवसांत रात्रच धड होत नाही, लाइट्स कुठून दिसणार! आम्ही गेलो होतो धाकट्या बहिणीकडे, स्टॉकहोमला लागून असलेल्या सोलनामध्ये. त्यातच माझा स्वतःचा एक हेतू होता, व्हायकिंग तलवारींच्या म्यानांवरचं धातुकाम बघायचा. शस्त्रं बघायची मला जुनी खोड आहे, आणि तलवारीपेक्षा म्यानच बघत बसायची त्याहून जुनी.

बरोबर बाबा होते. त्यांची उभी हयात कोल्हापुरात फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनतात तिथे, गेली. तलवारींशी त्यांना काही देणंघेणं नाही, पण ओतीव वस्तू दिसली की ती कशी ओतली असेल हे कळेपर्यंत ते जागचे हलत नाहीत. असा माणूस सोबत असणं किती कामाचं आहे, ते पहिल्याच दिवशी कळलं.

गुरुवार : ऐतिहासिक संग्रहालय, स्टॉकहोम

नार्वावेगेन या रुंद, झाडांच्या रस्त्यावर हे संग्रहालय आहे. व्हायकिंगांचं मोठं दालन 2021 मध्ये नव्याने उभं राहिलं, आणि त्यात अडीच हजारांच्या आसपास वस्तू आहेत. सगळी गर्दी बिर्का या व्हायकिंग गावातल्या 581 क्रमांकाच्या थडग्यापाशी. 1878 मध्ये उकरलेलं हे थडगं तलवार, कुऱ्हाड, बाण, दोन घोडे अशा सामानामुळे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पुरुष योद्ध्याचं मानलं गेलं, आणि 2017 मध्ये डीएनए तपासणीत ती बाई निघाली. शाळेतल्या मुली तिथे फतकल मारून बसल्या होत्या. मला त्या गर्दीचा फायदाच झाला, कारण तहनाळींच्या काचेसमोर चिटपाखरू नव्हतं.

तहनाळ म्हणजे म्यानाच्या खालच्या टोकाला बसवलेलं धातूचं टोपण. व्हायकिंग म्यान मुळात साधं असायचं. लाकडाच्या दोन पातळ फळ्या, आतून बहुधा लोकर किंवा केसाळ कातडं, बाहेरून चामडं नाहीतर कापड. आतल्या लोकरीतला तेलकटपणा पात्याला गंजापासून जपतो. हे सगळं मातीत हजार वर्षांत कुजून जातं. उरतं काय, तर पात्याच्या गंजाला चिकटलेले लाकडाचे तंतू आणि टोकाची ती तहनाळ. म्हणजे अख्ख्या म्यानाचा साक्षीदार काय तो बोटभर धातूचा तुकडा.

आपल्याकडच्या जुन्या तलवारींच्या म्यानाला तोंडाशी मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ अशी जोडी असते. इकडे तोंडाशी धातू क्वचितच दिसतो. जे काही नटवायचं ते टोकाला. आणि तेही सगळ्यांना नाही. सापडलेल्या बहुसंख्य तलवारींबरोबर तहनाळ मिळालेलीच नाही. त्यांचं टोक चामड्यातच शिवून घेतलेलं असणार.

काचेमागे होत्या त्या तांब्याच्या मिश्रधातूच्या, जाळीदार, हिरवट काळ्या पडलेल्या. एकीवर अंगाची फीत करून स्वतःभोवतीच गुंतलेला प्राणी. ही येलिंग शैली. डेन्मार्कमधल्या येलिंगला सापडलेल्या एका छोट्या चांदीच्या पेल्यावरून तिला नाव मिळालं. दुसरीवर पानाफुलांची वेल. आणि जिच्यासाठी आले होते ती तिसरी, ससाणा. पक्षी वरून बघावा तसा, पंख पसरलेले, मान एका बाजूला वळवलेली. पंखांच्या कडाच तहनाळीची बाह्यरेषा होतात. पक्षी कोरून वर चिकटवलेला नाही, पक्षी हीच तहनाळ. कारागिराची ही युक्ती फोटोंत मला कधी नीट कळली नव्हती.

बाबा काचेला नाक लावून उभे होते. मग म्हणाले, "दोन्हीकडनं नक्षी, मधी पोकळ. म्हणजे कोअर घातलाय. हे बघ, कडेला पार्टिंग लाइन घासून काढल्यागत दिसतीया." कोअर म्हणजे पोकळीसाठी साच्यात ठेवायचा गाभा, आणि पार्टिंग लाइन म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ. मी म्हटलं, बाबा, हे हजार वर्षांपूर्वीचं आहे. "मग? ओतकामाचे नियम काय हजार वर्सांत बदललेत?"

आणि मग त्यांनी जे विचारलं ते माझ्या डोक्यात पुढचे सगळे दिवस राहिलं. "ह्या येवढ्या सारख्या का?" खरंच, ससाण्याच्या तहनाळी एकमेकींच्या बहिणी शोभतात. सोनार हातानं घडवतो तेव्हा प्रत्येक नग वेगळा होतो. इथे एका नमुन्यावरून साचे काढून ओतलेला माल आहे. कुणाला तरी एकसारखंच हवं होतं.

तहनाळींचा पहिला मोठा अभ्यास जर्मन संशोधक पेटर पाउल्सन यांचा, 1953 सालचा. ससाण्याच्या तहनाळी बिर्कात मिळतात आणि तिथून पूर्वेकडे, थेट आजच्या रशियात, स्मोलेन्स्कजवळच्या ग्न्योझ्दोवोपर्यंत मिळत जातात. बिर्काच्या योद्ध्यांवर काम केलेल्या शार्लोट हेडेनस्टिएर्ना-योन्सन यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्याकडे दागिना म्हणून बघत नाहीत, एका लढाऊ गटाची खूण म्हणून बघतात. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक इथेच आहे. गणवेश नसलेल्या काळातला हा बिल्ला असावा. तलवार म्यानात असली, मूठ हाताखाली झाकलेली असली, तरी मांडीखाली लोंबणारं टोक समोरच्याला दिसतंच.

निघता निघता हेल्ग्योचा बुद्ध भेटला. स्वात खोऱ्यात पाचव्या-सहाव्या शतकात घडलेली, जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची कांस्यमूर्ती 1956 मध्ये स्टॉकहोमजवळच्या हेल्ग्यो बेटावर उत्खननात सापडली. कमळावर बसलेला, अगदी आपल्या ओळखीचा. बाबांनी पायांतली चप्पल काढावी की नाही असा क्षणभर विचार केला, मग तसेच हात जोडले. बाजूच्या स्वीडिश आजींनी त्यांच्याकडे बघून मान लववली.

*जाणाऱ्यांसाठी:* संग्रहालयाचे वार आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी बघून घ्या. तहनाळीला तिकडे 'डॉप्स्कू' म्हणतात. काउंटरवर हा शब्द उच्चारला की कर्मचाऱ्याचा चेहरा खुलतो आणि नेमकी काच दाखवायला तो स्वतः येतो. भिंगाचा चष्मा न्या, वस्तू लहान आहेत आणि उजेड कमी. रोख पैशाचं ओझं नको. कॉफीपासून बसपर्यंत सगळीकडे कार्डच टेकवायचं असतं.

शुक्रवार : मिडसमर

मिडसमर हा ऐन उन्हाळ्यातला सण. या दिवशी शहर मिटतं. दुकानं, बरीच संग्रहालयं, सगळं बंद, आणि माणसं गावाकडे. बहिणीने आम्हाला तिच्या वसाहतीजवळच्या कुरणात नेलं. पानाफुलांनी मढवलेला उंच खांब, डोक्यावर रानफुलांची कडी घातलेल्या बायका आणि पोरं. खांबाभोवती फेर धरून मोठमोठी माणसं बेडकांचं गाणं म्हणत चक्क बेडकासारख्या उड्या मारत होती. जावईबापूंनी बाबांना हात धरून फेरात ओढलं. कधीही लग्नाच्या वरातीत न नाचलेला हा माणूस तिथे उड्या मारताना बघून बहिणीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

जेवण हिरवळीवर. बडीशेपेसारख्या वासाची शेपू घातलेले कोवळे उकडलेले बटाटे, आंबट साय, आणि हेरिंग माशाचं लोणचं. या लोणच्यात साखर असते. बाबांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायले आणि मला हळूच म्हणाले, "माशाचा मुरांबा केलाय ह्यांनी." पुढचे बटाटे त्यांनी बहिणीच्या घरून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्याबरोबर खाल्ले. डबी फिरत फिरत शेजारच्या सतरंजीवर गेली ती रिकामीच परत आली.

रात्री दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळला आणि नावापुरता अंधार पडला. शनिवारी शहर तसंच सुस्त होतं. जुन्या गावातल्या अरुंद गल्ल्यांतून फिरलो आणि वेलदोड्याचे बन खाल्ले. या लोकांचा वेलदोड्यावर इतका जीव का, हे काही मला उमगलं नाही, पण जाडसर कुटलेल्या दाण्यांचा तो बन मी रोज खाल्ला.

रविवार : बिर्का

सिटी हॉलजवळच्या धक्क्यावरून सकाळी बोट निघते आणि मेलारन सरोवरातून साधारण दोन तासांनी बिर्का गाठते. हवा अशी की ऊन आणि बोचरा वारा एकाच वेळी. डेकवर बसायचं असेल तर कानटोपी हवीच, जून असला तरी. व्हायकिंगांच्या काळी हे सरोवर नव्हतंच, बाल्टिक समुद्राचा फाटा होता, आणि पाणी आजच्यापेक्षा पाचेक मीटर उंच होतं. जमीन तेव्हापासून वर येते आहे. त्यामुळे बेटावर उतरल्यावर जुना किनारा शोधायला आत चालत जावं लागतं.

बिर्का हे ब्यर्क्यो बेटावरचं गाव. साधारण 750 च्या सुमाराला वसलं, 975 च्या आसपास ओस पडलं. 1993 पासून जागतिक वारसा. आज तिथे मेंढ्या चरतात. वस्तीच्या जागेला 'काळी जमीन' म्हणतात. दोन शतकांचा कोळसा, राख आणि कचरा मुरून ती माती काळी झाली. वाटाडी मुलगी गोष्टी सांगायची ती नाटकी न होता. 1871 मध्ये ह्यालमार स्टोल्पे नावाचा प्राणिशास्त्रज्ञ इथे आला तो अंबरात अडकलेले किडे शोधायला; किड्यांऐवजी त्याला गाव सापडलं आणि त्याने पुढच्या काळात सुमारे 1,100 थडगी उकरली. प्रत्येकाचं रेखाटन त्याने आलेखाच्या कागदावर केलं. कुठली तहनाळ कुठल्या हाडाशेजारी होती हे आज आपल्याला माहीत आहे ते त्या चौकटींच्या कागदामुळे. त्या शतकात ठिकठिकाणी थडगी फोडून तलवारी तेवढ्या काढून घेणारे हौशे कमी नव्हते, म्हणून मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

टेकडीवर किल्ल्याचा मातीचा बांध आणि 1834 मध्ये उभारलेला आन्सगारचा दगडी क्रूस. हा धर्मप्रचारक 830 च्या सुमाराला इथे आला होता. सगळे जण क्रूसापाशी फोटो काढतात. तुम्ही मात्र बांधाच्या खाली, पाण्याच्या दिशेला उतरलेल्या पायऱ्यांसारख्या जमिनीकडे बघा. ती योद्ध्यांची छावणी. 1990 च्या दशकाच्या शेवटी इथे सुमारे 19 मीटर लांबीचं एक दालन उकरलं गेलं. बाणांची टोकं, पूर्वेकडच्या धाटणीच्या चिलखताच्या पट्ट्या, कुलपं असं बरंच निघालं. शेती नाही, व्यापार नाही, राहणारे सगळे शस्त्रधारी. असे लोक एकत्र राहिले की त्यांना आपली खूण लागणारच. त्या उतारावर उभं राहिल्यावर गुरुवारचा ससाणा मला जागेवर बसल्यासारखा वाटला.

दुपारी धक्क्याजवळच्या उभारलेल्या व्हायकिंग वस्तीत एक ओतारी भेटला. लांब दाढी, काजळी लागलेला सदरा, आणि हात बघताच बाबांनी ओळखलं की हा आपल्यातला. जमिनीत केलेला छोटा खड्डा, कोळसा, दोन भाते आलटून पालटून दाबणारी त्याची मुलगी. मूस लिंबाएवढी. साचा माती, वाळू आणि घोड्याची लीद मिसळून केलेला, दोन भागांचा. आधी नमुना मातीत दाबून दोन्ही बाजू घ्यायच्या, मधे पोकळीसाठी मातीचाच गाभा ठेवायचा, जोडून लिंपायचं, आणि ओतण्यापूर्वी साचा तापवायचा. गार साच्यात पातळ नक्षीपर्यंत धातू पोचत नाही, वाटेतच थिजतो.

बाबांना इंग्रजी बेताचं आणि त्या माणसाला मराठी शून्य. पण "रनर", "रायझर", "कोअर", "गॅस" एवढ्या ओतकामाच्या चार शब्दांवर त्यांचं अर्धा तास संभाषण चाललं. साचा फोडला तर तहनाळीच्या एका पंखाला भोक. बाबा म्हणाले, "ब्लो होल." तो म्हणाला, "ब्लो होल!" आणि दोघंही असे खूश झाले की जणू नातं निघालं. मग बाबांनी काडीने मातीत आकृती काढून हवा बाहेर जायला वाट कुठे ठेवायची ते दाखवलं. त्याने ती वाट आधीच ठेवली होती, फक्त बुजली होती. हे दाखवून देण्याची त्याची पद्धत इतकी नम्र होती की बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याच्याकडे तयार म्यानही होतं. हातात घेतल्यावर कळतं की तहनाळ शोभेची कमी आणि गरजेची जास्त. दोन फळ्या टोकाशी उघडू नयेत, पात्याचं टोक चामडं फाडून बाहेर येऊ नये, होडीच्या फळीवर घासून म्यान झिजू नये. ती चामड्यावर घट्ट सरकवतात, आणि कधी एखादा बारीक खिळा मारतात. एवढ्या कामाला साधी पत्र्याची टोपीही पुरली असती. ज्यांनी तिथे ससाणा बसवला त्यांना त्या टोपीकडून आणखी काही हवं होतं.

*जाणाऱ्यांसाठी:* बोट फक्त उन्हाळी मोसमात चालते, आणि परतीची वेळ ठरलेली असते; ती चुकवू नका. ओतारी, लोहार अशी मंडळी रोज असतीलच असं नाही, आधी चौकशी करा. गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे या भागात मेंदूज्वराचा आजार पसरतो. पूर्ण पँट, मोजे पँटच्या वर, आणि संध्याकाळी अंग तपासणं ही इथल्या लोकांची सवय आहे, तुम्हीही लावून घ्या. खाण्यासाठी एकच जागा असल्याने डबा नेलेला बरा. आम्ही थालीपीठं नेली होती, वाऱ्यात ती चामड्यासारखी झाली पण संपली.

सोमवार

पाऊस. घरात. बहिणीने पिठलं केलं.

मंगळवार : उप्साला

स्टॉकहोमहून उप्साला ट्रेनने पाऊण तासाच्या आत. शहराच्या वाहतुकीचं तिकीट तिथपर्यंत चालत नाही, वेगळं काढावं लागतं. विद्यापीठाच्या गुस्तावियानुम संग्रहालयात वाल्सगेर्दे इथल्या होडी-थडग्यांतल्या वस्तू आहेत. मोठ्या माणसाला त्याच्या होडीत, शस्त्रं, भांडी, जनावरं यांच्यासकट पुरायची ही रीत. काही थडगी व्हायकिंगांच्याही आधीची, सातव्या शतकाच्या आसपासची.

इथे येण्याचं कारण तुलना. त्या आधीच्या काळातल्या सरदारांच्या तलवारींची मूठ सोनेरी मुलाम्याची, मुठीला कधी कडी, शिरस्त्राणांवर नक्षीचे पत्रे, सगळं डोळे दिपवणारं. एकेका माणसासाठी घडवलेलं. त्याच्यापुढे बिर्काची तहनाळ गरीब वाटते. पण मला वाटतं फरक श्रीमंतीचा नाही. ते एका माणसाचं वैभव, हे एका टोळीचं नाव. सरदाराच्या तलवारीची नक्कल कुणी करायची नसते, आणि ससाण्याची नक्कल तर व्हायलाच हवी होती. माझं हे म्हणणं थोडं धाडसाचं आहे, पण दोन्ही पाच दिवसांच्या अंतराने बघितलंत तर तुम्हालाही असंच वाटेल अशी माझी पैज.

त्याच इमारतीच्या माथ्यावर 1660 च्या दशकातलं शरीरशास्त्राचं सभागृह आहे, उभ्या चढत्या कठड्यांचं. बाबांनी लाकडी जोडकाम हाताने चाचपून बघितलं आणि सुताराला पूर्ण गुण दिले. पहारेकरी बाईंनी मात्र कठड्याला हात लावू नका म्हणून खुणावलं.

दुपारी बसने गाम्ला उप्साला. तीन मोठे गवताळ टेकाड, राजांची म्हणून सांगितली जाणारी थडगी. शेजारच्या जुन्या उपाहारगृहात मधाची दारू शिंगातून देतात. पर्यटकी प्रकार आहे, पण वारा इतका होता की नको म्हणवेना. बाबांनी एक घोट घेऊन शिंगाचं टोक निरखलं. त्यालाही धातूची टोपी होती. "ही पत्र्याची हाय," ते जरा नाराजीने म्हणाले, "ओतलेली न्हवं."

बुधवार, निघण्याआधी

बाबांना पुन्हा ऐतिहासिक संग्रहालयात जायचं होतं, दुकानासाठी. तिथे ससाण्याच्या तहनाळीची प्रतिकृती आम्हाला मिळाली नाही; गळ्यात घालायचे, थोर या व्हायकिंगांच्या देवाचे हातोडे मात्र ढिगाने. मग ते वर गेले, काचेसमोर उभे राहून वहीत दोन्ही बाजूंचं रेखाटन केलं, अंदाजाने मापं घातली, गाभ्याची जागा तुटक रेषेने दाखवली, आणि त्याचा फोटो कोल्हापूरच्या उद्यमनगरमधल्या जुन्या सोबत्याला पाठवला, हे पितळेत ओतून मिळेल का म्हणून.

आम्ही विमानतळाच्या बसमध्ये असताना उत्तर आलं. ससाण्याबद्दल, व्हायकिंगांबद्दल एक अक्षर नाही. फक्त, "हुतंय की. नग किती?"